रुमालाखालचे आठ रुपये

शहादेवला या सगळ्यात काय मिळणार होतं ते आधी मांडून घेऊ. पुढं जे झालं त्याच्या धुरळ्यात ती रक्कम कुणाच्याच ध्यानात राहिली नाही.

दोन एकर मुरमाड उतार, त्यावर सीताफळाची दोनशे दहा झाडं. पाऊस आर्द्रात एकदा तोंड दाखवून गेला तो गेलाच. कापूस गुडघ्याएवढा होऊन वाळला, तूर जमिनीतच राहिली. सीताफळ मात्र दुष्काळाला भीक घालत नाही. झाडामागं सहा किलो धरलं तर बाराशे साठ किलो फळ. बत्तीस रुपये भावानं चाळीस हजार तीनशे वीस. त्यातून तोडणी, क्रेटचं भाडं आणि संस्थेचा वाटा मिळून एकोणतीसशे वजा. हातात सदतीस हजार चारशे वीस.

एवढ्या पैशात शहादेव आणि त्याची बायको केशरबाई दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत स्वतःच्या घरात राहणार होती. यापलीकडं त्याला काही नको होतं. लग्न झाल्यापासून बारा हिवाळे दोघांनी उसाच्या फडात, पाचटाच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, काढले होते. यंदा ऊसतोडीचा मुकादम दोनदा दारात येऊन गेला. केशरबाईनं त्याला दोन्ही वेळा चहा पाजला, आणि उचलीची, म्हणजे आगाऊ मजुरीची, नोटांची गड्डी दोन्ही वेळा त्याच्याच पिशवीत परत घातली.

"वहिनी, इचार करा. मागून पाया पडताल," मुकादम म्हणाला.

"पाया पडायचं असंल तर तुळजापूरला जाईन की. तुमच्या कावून पडू?" केशरबाई म्हणाली. "यंदा मला नोकरी लागलीय. संस्थेच्या काट्यावर मी हाय. रोज दोनशे रुपये, बसून."

ही संस्था म्हणजे खडकाच्या वाडीतल्या एक्केचाळीस घरांची सहकारी सीताफळ संस्था. वाडी पाटोद्याच्या पलीकडं, घाटाच्या तोंडाशी. अध्यक्ष तात्याबा, वय सत्तर, सही अंगठ्याची. सचिव शहादेव, कारण तो सातवी पास होता आणि त्याला कायदा वाचून दाखवता येत होता. आणि कायदा होता. दोन हजार सोळाच्या पावसाळ्यात सरकारनं फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या जोखडातून सोडवला. माल बाजाराच्या आवारात न्यायलाच पाहिजे असं राहिलं नाही, बांधावरून कुणालाही विका. आणि आवारात नेलाच तर आडत्याची आडत, म्हणजे दलाली, विकणाऱ्यानं नाही, घेणाऱ्यानं द्यायची.

पिंपळफाट्याचे आडते मोहनराव यांनी हा कायदा दुसऱ्याच दिवशी पाळला. शेतकऱ्याला जी हिशोबाची पट्टी देतात तिच्यावरचा 'आडत' हा शब्द त्यांनी खोडला आणि तिथं 'इतर' असं लिहिलं. आकडा तोच ठेवला. मोहनराव समितीचे संचालकही होते, तेव्हा तक्रार करायची तर ती त्यांच्याकडंच करावी लागे, आणि ते ती फार मन लावून ऐकत. "कायदा मुंबईला झाला बाबा," ते म्हणत, "काटा हितं हाय." तरुणपणी ते तालमीतले होते. पन्नाशीतही त्यांचा पंजा भाकरीच्या काटवटीएवढा होता, आणि त्या पंजानं ते लोकांच्या पाठीवर प्रेमानं थाप मारीत. थाप खाल्लेला माणूस दोन पावलं पुढं जाई.

आदल्या वर्षी शहादेवचं फळ त्यांच्याच गाळ्यावर चौदा रुपयांनी गेलं होतं. शंभर किलोला चार किलो सूट, मग इतर, मग हमाली, मग तोलाई. उरलेल्या पैशात उसाला जायची गाडी धरावी लागली.

यंदा संस्थेनं पुण्याकडच्या एका गर काढणाऱ्या कारखान्याशी बोलणं केलं. बत्तीस रुपये, जागेवर, रोख. पाच गाड्या माल. पण कारखानदारही माणूस हिशोबी. तो म्हणाला, पहिली गाडी सुखरूप पोचली तर बाकीच्या चार पाठवतो. पिंपळफाट्याची ख्याती त्याच्याही कानावर गेली होती. दोन वर्षांपूर्वी गेवराईकडच्या एका मोसंबीवाल्यानं असाच परस्पर माल काढला होता. फाट्यावर त्याचे साठ क्रेट रस्त्यावर ओतले, त्यावरून ट्रॅक्टर फिरवला आणि मग त्याला त्या लगद्यात लोळवलं. तो उठला तेव्हा अंगावरून रस गळत होता. त्यात रक्त किती आणि मोसंबी किती हे कुणी वेगळं केलं नाही.

घटस्थापनेला चार दिवस असताना पहिली गाडी भरली. तीनशे क्रेट, सहा टन. केशरबाईनं काट्यावर एकेक क्रेट मोजला आणि कुणाच्याही मालाला सूट म्हणून एक फळ कापलं नाही. तात्याबांनी गाडीच्या चाकाखाली नारळ फोडला. ड्रायव्हर सिदू म्हणाला, "आजोबा, नारळाचं पाणी पुण्यात चाळीस रुपयाला हाय, चाकाला कावून पाजता?" सगळे हसले. तेवढंच हसू त्या आठवड्यात झालं.

सीताफळाचं घड्याळ फार कडक असतं. खवल्यांमधल्या रेघा पांढुरक्या होऊन फुगल्या, म्हणजेच फळाचे डोळे उघडले, की ते तोडायचं. पहिल्या दिवशी ते दगड असतं. दुसऱ्या दिवशी अंगठ्याला दबतं. तिसऱ्या दिवशी स्वतःच्याच वजनानं फुटतं. कारखान्याला ते दुसऱ्या दिवशीच्या रात्रीपर्यंत हवं होतं.

पिंपळफाट्यावर समितीचा नाका आहे. म्हणजे एक पत्र्याची टपरी आणि रस्त्यावर आडवा वासा, त्याच्या बुडाला दगडांचं पोतं बांधलेलं. धान्याच्या गाड्या तिथं थांबून फी भरतात. फळांना थांबायचं कारण नव्हतं. पण वासा आडवा होता, आणि वाशाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. टपरीत पंडित नावाचा कारकून बसे. ठेकेदाराचा माणूस, महिना साडेसात हजार. वासा वर करणं आणि खाली करणं एवढीच त्याची सत्ता.

सिदू कागद घेऊन खाली उतरला. "फळाला पास लागत न्हाई सायब. ह्यो बगा जीआर."

पंडितनं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं टपरीच्या मागं बघितलं. मागून मोहनरावांचे सात जण आले, हातात कुऱ्हाडीचे दांडे, पाती काढलेले. पहिला दांडा सिदूच्या तोंडावर बसला. तो खाली बसला आणि ओंजळीत दोन दात धरून त्यांच्याकडं बघत राहिला, जणू कुणी मोड दिलीय आणि ती मोजायचीय. दुसऱ्यानं कागद त्याच्या तोंडात कोंबला. "वाच बे आता. मोठ्यानं वाच." बाकीच्यांनी सहाही टायरची हवा सोडली. गाडी बसली.

वाडीवरून माणसं आली. त्यांनाही दांडे मिळाले. शहादेवचा चुलतभाऊ धुळाजी याचं कपाळ फुटलं, आणखी तिघांच्या पाठी सुजल्या. पोलीस ठाण्यात फौजदारी करायला गेलेल्याला सांगण्यात आलं की हे फळांचं प्रकरण आहे, ते खातं वेगळं. ऑक्टोबरचं ऊन गाडीच्या ताडपत्रीवर दिवसभर तापत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याबांनी ताडपत्रीखाली हात घालून एक फळ दाबलं. अंगठा आत गेला. त्यांनी तो अंगठा धोतराला पुसला.

दुपारी मोहनराव जीपमधून आले. पांढरे कपडे, कपाळाला अष्टगंध. लिंबाखाली खाट टाकून बसले.

"राम राम तात्याबा. लई दिवसांनी फाट्यावर? आन गाडी हितंच कावून लावली, सावलीला तरी लावायची की. माल उन्हात बसलाय."

"आण्णा, वासा वर घ्या," तात्याबा म्हणाले.

"मी कोण घेणार? मी तर आलतो च्या प्यायला." मोहनरावांनी ताडपत्रीकडं बघून नाक वर केलं. "वास सुटलाय बरं का. सांजच्यापर्यंत गर आपोआपच निघंल, कारखान्याचं काम वाचलं."

शहादेव पुढं झाला. "कायद्यानं ही गाडी तुमाला अडवता येत न्हाई आण्णा."

"कायद्यानं मी अडवलीच न्हाई बे. हवा गेलीय तिच्यातली." त्यांच्या माणसांनी दाद दिली. मग मोहनराव मऊ झाले. ते मऊ झाले की जुने लोक आपली पिशवी चाचपतात. "असं बघा. भांडून कुणाचं भलं झालंय? नाक्याचा काय तो हिशोब एकदा तोडून टाकू. भाव जुळला तर माल मीच घेतो, न्हाई जुळला तर गाडी सोडतो. पर कागदबिगद नको. रुमालाखाली बसू. बाप-आज्यांनी जसं केलं तसं."

इथं रुमालाचं सांगितलं पाहिजे. जुन्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसत, दोघांचे उजवे हात एका रुमालाखाली जात, आणि भाव बोटांनी चाले. एक बोट धरलं की एक. सगळा पंजा आवळला की पाच. मनगट दाबलं की दहा. बघणाऱ्याला फक्त हलणारं कापड दिसे. नियम दोन होते आणि दोन्ही कडक. हात आत असताना जो तोंडानं बोलला तो हरला, भाव समोरच्याचा. आणि मान हलली की सौदा पक्का, मग ती फिरवता येत नाही. सरकारनं हे केव्हाच बंद केलं होतं, लिलाव उघड ओरडूनच व्हायला पाहिजे असा नियम आहे. पण वाडीतल्या म्हाताऱ्यांना ओरडलेल्या भावाचा भरवसा नव्हता. त्यांचं म्हणणं, कागद खोटं बोलतो, तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाही.

"रुमालाखाली कावून?" शहादेव म्हणाला. "उघड बोला की. समद्यांना ऐकू दे."

"बघा, तुमचा सचिव भितोय," मोहनराव म्हणाले.

भितोय हा शब्द वाडीला लागला. धुळाजी डोक्याची पट्टी सावरत म्हणाला, "शहाद्या, बस. ऊस तोडून तोडून लोखंड झालाय तुजा हात. तू काय त्येला बधतोस?" आणि तात्याबांनी आपल्या डोक्याचा रुमाल सोडला. सात हात लांब, लाल, त्यांच्या थोरल्या लेकीच्या लग्नातला. "घे," ते म्हणाले. "माझा रुमाल घे. वाडीची लाज हाय त्यात. बत्तीसच्या खाली येऊ नको, लईच झालं तर अठ्ठावीस."

शहादेव बसला. समोर मोहनराव बसले. रुमाल पसरला. मध्ये भाव पुकारायला तिसरा माणूस लागतो, तो दोन्हीकडचा नसावा अशी रीत. म्हणून टपरीतून पंडितला बोलावलं. तो बिचारा हात पुसत आला. मोहनरावांच्या माणसानं तेवढ्यात जीप चालू केली आणि तशीच घरघरत ठेवली. उन्हात तापलीय, बंद केली तर चालू होत नाही, असं तो म्हणाला.

आत काय झालं ते गावाला नंतर शहादेवकडून आणि डॉक्टरांकडून कळलं. आपण ते इथंच सांगून टाकू.

शहादेवनं मोहनरावांचं मनगट तीनदा दाबलं आणि दोन बोटं धरली. बत्तीस. मोहनराव हसले. त्यांनी शहादेवचा सगळा पंजा आपल्या पंजात घेतला आणि आवळला. पाच. हाडं एकमेकांवर चढली. शहादेवनं हात मागं ओढला, तो आला नाही. मग मोहनरावांनी त्याची करंगळी निवडून काढली आणि मागं वाकवायला लागले. सावकाश, डोळ्यांत डोळे घालून, चेहऱ्यावर तेच हसू. कट् असं झालं. जीप घरघरत होती. सहा.

शहादेवच्या कपाळावर घाम आला. बाहेर धुळाजी कुणाला तरी म्हणाला, "बघ, झुंजतंय. ह्येचा बाप बी असाच होता."

बोलला की हरला. शहादेवनं ओठ आत घेऊन चावले, आणि मोडक्या हातानं पुन्हा मोहनरावांचं मनगट चाचपलं. दाबायला जोर राहिला नव्हता, पण त्यानं दाबलं. दहा. पुन्हा दहा. पुन्हा दहा. मोहनरावांना क्षणभर नवल वाटलं असावं, कारण त्यांची भुवई वर गेली. मग त्यांनी करंगळीशेजारचं बोट घेतलं. या वेळी वाकवून मोडलं आणि मोडल्यावर पिळलं. सात.

"लालबुंद झालाय गडी," तात्याबा म्हणाले. "अठ्ठावीसच्या वर गेलाय बघा भाव. पाणी आलं डोळ्यात, पर उतरत न्हाई."

मधलं बोट जाड होतं. त्याला वेळ लागला. मोहनरावांनी रुमालाखाली दुसराही हात घातला, जणू कापड सावरतायत. बोट मुळापासून निखळलं. शहादेवच्या डोळ्यांतला पांढरा भाग वर आला आणि त्याची मान पुढं पडली, हनुवटी छातीला लागली.

सगळ्यांनी बघितलं. मान हलली. सौदा पक्का.

"झालं," मोहनराव म्हणाले. त्यांनी पंडितचा हात ओढून रुमालाखाली घेतला आणि त्यालाही बोटांनी आकडा दिला. पंडितचा हात आत काहीतरी ओल्या, वेड्यावाकड्या गोष्टीला लागला. त्याचं तोंड उघडं पडलं. तिथं तो एक वाक्य बोलू शकला असता. पण त्याच्या समोर सात दांडे उभे होते आणि महिन्याचे साडेसात हजार होते. त्यानं घसा साफ केला.

"आठ रुपये," तो म्हणाला.

वाडीची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मोहनराव उठले, रुमालाची गुंडाळी शहादेवच्या हाताभोवती नीट फिरवली, खिशातून पाचशेची नोट काढून त्याच्या सदऱ्यात घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा तुझा रुमालखर्च. आपलं ठरलं होतं तसा." पाठीवर एक थाप दिली. शहादेव आडवा झाला. मोहनराव जीपमध्ये बसले आणि सातही जणांना घेऊन गेले. माल न्यायला टेम्पो पाठवतो म्हणाले.

बत्तीसचे आठ. सहा टनांवर एक लाख चव्वेचाळीस हजारांचा फरक. हा हिशोब प्रत्येकानं मनात केला, आणि हिशोब संपायच्या आत पहिली लाथ बसली. ती धुळाजीची.

"आमाला इकलंस बे? पाचशेला?"

शहादेवनं तोंड उघडलं. दुसरी लाथ पोटात बसली आणि तोंडातला वारा निघून गेला. मग चपला, मग मुठी, मग ज्यांच्या पाठी काल सुजल्या होत्या त्यांनी त्या सुजेची सगळी परतफेड त्याच्यावर केली. मोहनरावांच्या माणसांसमोर ज्यांचा हात उठला नव्हता त्यांचा हात आज चांगला उठत होता. कुणीतरी सीताफळाचा क्रेट उचलून त्याच्या डोक्यावर आपटला. मऊ फळं फुटून गर त्याच्या डोळ्यांत, नाकात गेला. सत्तर वर्षांचे तात्याबा वाकले, पायातली वहाण काढली आणि त्याच्या तोंडावर तीनदा मारली, मोजून. नंतर त्यांना धाप लागली म्हणून ते थांबले.

केशरबाई दुसऱ्या तोडणीचा काटा करून भाकरी घेऊन येत होती. तिनं लांबून गराडा बघितला. भाकरीचं फडकं टाकून ती धावली आणि माणसांच्या पायांमधून आत शिरली. एक लाथ तिलाही बसली.

"व्हा बाजूला! कावून मारता? काय केलंय त्यानं?"

"इचार त्येलाच! इचार आठ रुपये कुणी मान्य केले!"

तिनं नवऱ्याला उठवायला त्याचा उजवा हात धरला. शहादेव ओरडला. इतका वेळ न ओरडलेलं सगळं त्या एका ओरडण्यात निघालं. गराडा एक पाऊल मागं सरला. केशरबाईनं लाल रुमाल सोडवला, एक वेढा, दुसरा, तिसरा. आतला हात बघून तिनं तो लगेच झाकला, आणि पुन्हा उघडला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला. करंगळी मनगटाकडं बघत होती. तिच्या शेजारचं बोट पिळलेल्या दोरीसारखं. मधलं नुसतं कातड्यावर लोंबत होतं.

"ह्यो तुमचा भाव," ती म्हणाली.

 तात्याबांच्या हातात अजून वहाण होती. माणसाला आपली चूक कळली की त्याला दोन वाटा असतात; एक खाली बघायची, दुसरी दुसऱ्या कुणाला तरी शोधायची. वाडीनं रस्त्याकडं बघितलं. जीप गेली होती. धुरळासुद्धा बसला होता. मग सगळ्यांचं लक्ष टपरीकडं गेलं.

पंडितनं आतून कडी लावली होती. पत्र्याला कडी ती किती. पहिल्या धक्क्यात दार वाकलं, दुसऱ्यात निखळलं.

"आठ कोण म्हणलं?"

"मी म्हणलो, पर मी नुसता पुकारलो! मला जे बोटानं सांगितलं ते पुकारलो!"

"हात लागला हुता का न्हाई तुला त्येचा? कळलं हुतं का न्हाई?"

पंडित खोटं बोलला असता तर वाचला असता कदाचित. "कळलं हुतं," तो म्हणाला. "पर बाबांनो, मी काय..."

धुळाजीनं वाशाच्या बुडाचं पोतं फाडलं. आतले दगड वाटले गेले. पंडितला फरपटत वाशाखाली आणलं, त्याची दोन्ही मनगटं रस्त्यावर दाबून धरली. केशरबाई ओरडत होती, "आरं त्यो न्हाई! जीप तिकडं गेली, तिकडं जा की! त्याला मारून काय व्हणार हाय?" तिचं कुणी ऐकलं नाही. तिकडं जायला सात किलोमीटर होते आणि तिकडं सात दांडे होते. पंडित समोर होता आणि एकटा होता. आधी त्याच्या बोटांवर दगड पडले, मग कोपरांवर. मग कुणीतरी नेम न धरता टाकला आणि तो डोक्यात बसला. तरी आणखी पाचसात पडले, कारण मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं. टपरी पेटवली. गाडीतले क्रेट आगीत फेकले. सीताफळं फटाफट फुटत होती आणि फाट्यावर जळक्या साखरेचा, गोड वास पसरला होता. पोलीस त्याच वासावर आले म्हणतात.

पंडित अंबाजोगाईच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी, घटस्थापनेच्या पहाटे गेला.

आता कुणी काय भरलं ते बघू.

मोहनरावांचा जबाब एका पानाचा आहे आणि वाचण्यासारखा आहे. फळं व भाजीपाला दोन हजार सोळापासून समितीच्या अखत्यारीत येत नाही, त्यामुळं फळांची गाडी अडवण्याचा अधिकार समितीला नाही, आणि नसलेल्या अधिकारानं समितीनं गाडी अडवली हे म्हणणं निराधार आहे. गाडी हवा गेल्यानं उभी होती. रुमालाखालची पद्धत नियमानं बंद असल्यानं असा कोणताही सौदा झालेला नाही. शहादेवची बोटं जमावाच्या मारहाणीत मोडली असावीत. मारहाण शंभर लोकांनी बघितली आहे. कायद्याचा इतका बारीक अभ्यास संस्थेच्या सचिवानंही केला नव्हता. मोहनरावांनी भरलं ते काही नाही. नाका समितीच्या खर्चानं नवा झाला, या वेळी लोखंडी.

सिदूनं दोन दात भरले. कारखान्यानं त्याला कवळीचे पैसे दिले आणि बाकीच्या चार गाड्या दुसऱ्या जिल्ह्यात पाठवल्या. वाडीचं उरलेलं चोवीस टन फळ पिंपळफाट्याच्या आवारातच न्यावं लागलं. तिथं उघड लिलाव झाला, नियमाप्रमाणं, ओरडून. भाव सहा रुपये निघाला. त्याच आठवड्यात पुण्यात आवक कमी म्हणून सीताफळ एकशे साठ रुपये किलोनं गेलं. ते खाणाऱ्यांनी भरलं आणि महागाईच्या नावानं बोटं मोडली.

पंडितची बायको मंजुळाबाई समितीकडं नुकसानभरपाई मागायला गेली. तिला सांगितलं की फळांसाठी तिथं नाकाच नव्हता, तेव्हा तो त्या वेळी कामावर नव्हता. ठेकेदारानं त्या महिन्यातल्या भरलेल्या दिवसांचे अडीच हजार दिले आणि सही घेतली.

वाडीतले एकोणीस जण आत गेले. धुळाजी आणि तात्याबा त्यात आहेत. पहिला आरोपी शहादेव, कारण तो संस्थेचा सचिव आणि कागदांवर त्याचंच नाव. पंडितवर दगड पडत होते तेव्हा तो लिंबाखाली बेशुद्ध होता, हे सांगायला साक्षीदार एकच, ती त्याची बायको, आणि बायकोची साक्ष किती धरतात हे सगळ्यांना माहीत आहे. अटकेच्या कागदावर त्यानं डाव्या हातानं सही केली. ती शाळेतल्या पहिलीच्या पोराच्या अक्षरासारखी आली आहे. तीन बोटांपैकी एक कापावं लागलं, दोन ताठ राहिली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुकादम तिसऱ्यांदा दारात आला. या वेळी तो बसला नाही. उसाला नवराबायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल त्या हिशोबानं देतात. एकटी बाई आली तर अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला अर्ध्याहूनही कमी. त्यानं तीस हजार मोजले. केशरबाईनं ते त्याच्यासमोर पुन्हा मोजले, एक फाटकी नोट बदलून घेतली, आणि त्याच संध्याकाळी पाटोद्याला वकिलाच्या घरी नेऊन दिले.

शहादेवच्या जामिनाची फी, रुपये तीस हजार. भरणार केशरबाई, अर्धा कोयता.